जिल्हा परिषदेच्या शाळेत आजारी खोली उभारताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत आजारी खोलीचा विषय निघाला की प्रश्न थांबत नाहीत. परिषद संपल्यावर तेच प्रश्न फोनवर येतात, आणि आता सांगलीकडच्या शाळांमधूनही येतात. म्हणून उत्तरं एकत्र लिहिली आहेत. मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. इथली माहिती प्रथमोपचारापुरती आहे. ती भिंतीवर लावण्याआधी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना एकदा वाचायला द्या.

१. प्रथमोपचार पेटी आहे की आमच्याकडे. मग वेगळी आजारी खोली कशाला?

पेटी जखमेसाठी असते, आणि शाळेत रोज जे घडतं त्यात जखमा थोड्याच. प्रार्थनेला कोणाला चक्कर येते, दुसरीतल्या मुलीला ताप भरतो, कोणाला उलटी होते, कोणाच्या पोटात कळ येते. अशा मुलाला पेटीतलं काहीच लागत नाही. त्याला आडवं व्हायला जागा लागते, पाणी लागतं, आणि घरचं कोणी येईपर्यंत त्याच्याकडे बघणारं एक मोठं माणूस लागतं. आज ते मूल बाकावर डोकं टेकून बसतं आणि बाई फळ्याकडे तोंड करून शिकवत असतात. ताप वाढून ग्लानी आली तरी झोपलं असेल असंच वाटतं.

आजारी खोली हवी ती यासाठी. तिथे उपचार करायचे नसतात. मुलावर नजर ठेवायची आणि घरी, दवाखान्यात की १०८, हा निर्णय वेळेत घ्यायचा. पुढची बहुतेक उत्तरं यातूनच निघतात.

२. अशी खोली असलीच पाहिजे असा नियम आहे का?

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात शाळेच्या इमारतीचे निकष दिले आहेत. प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, कार्यालय-भांडार-मुख्याध्यापक अशी मिळून एक खोली, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण आणि अडथळाविरहित प्रवेश. त्यात आजारी खोलीचा उल्लेख नाही. म्हणून ती नसली तर तपासणीत कोणी विचारत नाही. पण करायला कोणाची आडकाठीही नाही. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव पुरेसा आहे.

३. आमची द्विशिक्षकी शाळा. खोल्याच दोन. आजारी खोली कुठे करू?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. खोली म्हटलं तरी चार भिंती लागत नाहीत. एक खाट, तिच्याभोवती अर्धा पडदा आणि शेजारी स्टूल मावेल एवढा कोपरा बास होतो. कोपरा निवडताना एकच कसोटी लावा: शिक्षक आपल्या नेहमीच्या जागेवरून मान वळवून खाटेवरच्या मुलाचा चेहरा पाहू शकतो का? द्विशिक्षकी शाळेत म्हणूनच वर्गातला, शिक्षकाच्या खुर्चीच्या बाजूचा कोपरा मला सगळ्यात योग्य वाटतो. मोठ्या शाळेत मुख्याध्यापकांचं कार्यालय चालतं, पण मुख्याध्यापक बैठकीला गेल्यावर तिथे कोण बसणार ते आधी ठरवा.

पोषण आहाराच्या तांदळाची खोली, अडगळीची खोली आणि मागची बंद वर्गखोली या तीन जागा टाळा. तिथे शांतता असते, पण मुलाकडे कोणाचं लक्ष नसतं. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे ओल धरलेल्या भिंतीला खाट लावू नका. माण, खटाव, जत, आटपाडीकडे पत्र्याच्या खोलीत मार्चनंतर मूल झोपवता येत नाही, सकाळची शाळा असली तरी. तिथे स्लॅबची किंवा झाडाच्या सावलीतली बाजू घ्या. पाणी आणि स्वच्छतागृह हाताशी हवं.

४. खोलीत काय काय लागतं?

एक बुटकी खाट, म्हणजे झोपेत पडलं तरी लागणार नाही. रेक्झिनची गादी, कारण कापडी गादीवर उलटी झाली तर ती धुता येत नाही. दोन चादरी, एक घोंगडी किंवा ब्लँकेट. उलटीसाठी घमेलं, झाकणाची बादली, मग, साबण, पिण्याच्या पाण्याचं झाकलेलं भांडं. डिजिटल थर्मामीटर घ्या. काचेचा पाऱ्याचा असेल तर तो वापरातून काढा, फुटला की पारा हाताळणं अवघड जातं. सेकंदकाटा असलेलं भिंतीवरचं घड्याळ (प्रश्न १२ पाहा) आणि टॉर्च. याशिवाय दोन-तीन मापांचे धुतलेले जुने कपडे ठेवा. पहिलीतल्या मुलाला कपड्यात संडास झाली तर त्या दिवशी त्याला सगळ्यात जास्त गरज कोरड्या चड्डीची असते. ती मिळाली नाही तर ते मूल दुसऱ्या दिवशी शाळेत यायला तयार होत नाही.

भिंतीवर मोठ्या अक्षरात फोन नंबर लावा: आरोग्य केंद्र, उपकेंद्राच्या सिस्टर, आशाताई, गावातल्या दोन गाडीवाल्यांचे, सरपंच किंवा पोलीस पाटील. १०८ सगळ्यात वर.

५. पैसे कुठून आणायचे?

खर्च वाटतो तेवढा नाही. समग्र शिक्षा योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं, आणि त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. साबण, बादल्या, फिनेल त्यातून सहज होतं. थर्मामीटर आणि पेटीतलं साहित्य अनुदानाच्या उरलेल्या भागातून, समितीच्या ठरावाने घ्या. खाट-गादीसाठी ग्रामपंचायतीच्या स्वनिधीची मागणी ग्रामसभेत करा. मुलांच्या आया बोलल्या तर ती लवकर मान्य होते.

डोंगरभागातल्या बहुतेक गावांचं मुंबईला मंडळ असतं. यात्रेला मंडळी गावी आली की त्यांना शाळेत बोलवा आणि कोपरा दाखवा. वस्तूंची यादी हातात दिली तर लोक आनंदाने देतात. आलेली खाट जडवस्तू नोंदवहीत आणि संपणारं साहित्य साठा नोंदवहीत चढवा. देणगी म्हणून कोणी घरातली उरलेली औषधं आणून दिली तर हात जोडून परत करा.

६. पेटीत काय ठेवायचं आणि काय ठेवायचं नाही?

ठेवायचं ते असं: निर्जंतुक गॉजचे छोटे पाकीट, रोलर बँडेज, कागदी चिकटपट्टी, गळ्यात हात अडकवायची त्रिकोणी पट्टी, बोथट टोकाची कात्री, हातमोजे, जंतुनाशक द्रावण, ओआरएसची पाकिटं, सॅनिटरी पॅड. खरचटलेली जखम आधी वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. निम्मं काम तिथेच होतं. कापूस थेट जखमेवर ठेवू नका, तो चिकटतो आणि काढताना पुन्हा रक्त येतं.

ठेवायचं नाही ते: कोणतंही अँटिबायोटिक, ॲस्पिरिन (मुलांना ते धोक्याचं ठरू शकतं), उघडलेल्या सिरपच्या बाटल्या, जखमेवर भुरभुरायच्या पावडरी. कापूरही नको. सर्दीला म्हणून तो रुमालात बांधून देतात, पण लहान मुलाच्या पोटात गेला तर आकडी येऊ शकते.

ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात एकदम कालवायचं, अर्धं अर्धं नाही, आणि २४ तासांनंतर उरलेलं ओतून टाकायचं. महिन्यातून एकदा तारखा तपासा.

७. ताप आला तर पॅरासिटामॉल द्यावं का? घरी सगळेच देतात.

माझं मत स्पष्ट आहे: शाळेने देऊ नये. पॅरासिटामॉलचा डोस मुलाच्या वजनावर ठरतो, आणि बाजारात सिरप दोन ताकदीचं मिळतं, ५ मिलीला १२५ मिलिग्रॅम किंवा २५० मिलिग्रॅम. बाटली बदलली की त्याच चमच्यात दुप्पट औषध जातं. शिवाय आईने सकाळी घरून देऊन पाठवलंय की नाही हे आपल्याला ठाऊक नसतं.

मग करायचं काय? काखेत थर्मामीटर लावून आकडा आणि वेळ वहीत लिहा. स्वेटर काढा, पाणी पाजा, हवा येऊ द्या, घरी फोन करा. १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर मूल घरी जायलाच हवं. तापाबरोबर मान आखडणं, अंगावर जांभळे ठिपके, सतत उलट्या किंवा हाक मारल्यावर नीट डोळे न उघडणं यांपैकी काहीही दिसलं तर थेट १०८ लावा (प्रश्न ९ पाहा). मुलाचं स्वतःचं नेमून दिलेलं औषध असेल तर प्रश्न १४ पाहा.

८. आम्ही शिकवायचं की खाटेपाशी बसायचं?

रोज एक नाव ठरवा आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहा. त्या दिवशी आजारी मुलाची जबाबदारी त्या शिक्षकाची. त्याने सारखं खाटेपाशी बसायचं नाही. दर दहा मिनिटांनी जवळ जाऊन नाव घेऊन हाक मारायची आणि वहीत खूण करायची. द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक प्रशिक्षणाला गेला की अडचण होते. अशा दिवसांसाठी व्यवस्थापन समितीतल्या, शाळेजवळ राहणाऱ्या दोघी-तिघी आयांशी आधीच बोलून ठेवा. समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात.

स्वयंपाकी ताईंना हे काम देऊ नका. उलटी पुसलेल्या हाताने सव्वाशे मुलांची खिचडी ढवळली जाणार असेल तर आजार आपणच वाढतो. चौथी-पाचवीच्या मुलांना “तू बस याच्याजवळ” असं सांगून निघून जाणंही नको. पाणी आणून देणं एवढंच त्यांचं काम.

९. घरी कधी पाठवायचं आणि १०८ ला कधी फोन करायचा?

ताप, एक-दोन उलट्या, कानदुखी, अंगावर पुरळ असेल तर घरी फोन. बेशुद्धी, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाणं, ओठ निळे पडणं, न थांबणारं रक्त, पाच मिनिटांवर चाललेली आकडी, साप, मोठं भाजणं, उंचावरून पडून डोक्याला मार असेल तर १०८, आणि त्यानंतर घरी. १०८ लावण्यासाठी मुख्याध्यापकांची, केंद्रप्रमुखांची किंवा पालकांची परवानगी लागत नाही. शाळेतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला, स्वयंपाकी ताईंनासुद्धा, हे सांगून ठेवा. १०२ ची गाडी मुख्यतः गरोदर माता आणि तान्ह्या बाळांसाठी असते.

डोक्याला मार लागून मूल आत्ता खेळत असलं तरी त्या दिवशी त्याला आजारी खोलीत नजरेसमोर ठेवा आणि पालकांना तोंडी नव्हे, चिठ्ठी लिहून कळवा. उलट्या, वाढती डोकेदुखी, अवेळी झोप हे काही तासांनी दिसू शकतं.

घाटावर आणि धरणाच्या पलीकडच्या वस्त्यांवर गाडी यायला वेळ लागतो, रेंजही नसते. रेंज कुठल्या दगडावर उभं राहिल्यावर मिळते हे जूनमध्येच शोधून ठेवा आणि गावातल्या जीपवाल्याशी बोलून घ्या. जीप आधी पोहोचत असेल तर रुग्णवाहिकेची वाट बघत बसू नका. निघा, आणि १०८ ला वाटेतलं ठिकाण सांगा. कोयनेच्या जलाशयापलीकडच्या शाळांनी लाँचवाल्याचा नंबर यादीत वरच लिहावा.

१०. पालक फोन उचलत नाहीत. परवानगीशिवाय दवाखान्यात नेलं आणि काही झालं तर?

दर जूनमध्ये प्रत्येक मुलाचा एक कागद भरून घ्या: तीन फोन नंबर, त्यातला एक गावातल्याच माणसाचा, आजार-ॲलर्जीची माहिती, आणि तातडीच्या वेळी दवाखान्यात न्यायला संमतीची सही. आई-बाप मुंबईला आणि मूल आजीजवळ, अशी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. तिथे आजीचा अंगठा आणि मुंबईचा नंबर दोन्ही घ्या.

कागद नसला तरी थांबू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम ३० अशाच वेळेसाठी आहे. संमती मिळणं शक्य नसताना, एखाद्याच्या भल्यासाठी सद्हेतूने केलेल्या कृतीला ते संरक्षण देतं. मुलाला एकट्याने घरी पाठवू नका, तिसरीतल्या बहिणीबरोबरही नाही. नेणाऱ्या मोठ्या माणसाची सही आणि वेळ वहीत घ्या.

११. साप किंवा विंचू चावला तर? आणि कुत्रा?

साप: आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार मुख्य विषारी. कुठला होता हे शोधण्यात वेळ घालवू नका, मारायला तर जाऊच नका. मुलाला चालू देऊ नका. चावलेला हात किंवा पाय पट्टी-काठीने हलणार नाही असा ठेवा, अंगठी, कडं, पैंजण काढा, आणि निघा. घट्ट दोरी बांधणं, ब्लेडने कापणं, तोंडाने ओढणं, मिरची चारून बघणं यातलं काहीही करायचं नाही. मण्यार चावल्यावर दुखत नाही आणि सूजही दिसत नाही. म्हणून “काही झालं नाही” म्हणून मूल वर्गात बसवू नका. गावातलं कोणी आधी देवळात नेऊ म्हणालं तर त्यांच्या श्रद्धेचा मान ठेवून सांगा, आधी सुई, मग देऊळ. सर्पदंशाची लस आपल्या जवळ नेमकी कुठे आहे, आरोग्य केंद्रात की ग्रामीण रुग्णालयात, हे पावसाळ्यापूर्वी विचारून भिंतीवर लिहा. पुढे पाठवायची वेळ आली तर साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय, कराडचं उपजिल्हा रुग्णालय, सांगली आणि मिरजेची शासकीय रुग्णालयं आहेत.

विंचू: लाल विंचू मुलांच्या जिवावर बेतू शकतो. नुसतं ठणकत असेल तरी आरोग्य केंद्रात दाखवा. दरदरून घाम, उलट्या, हातपाय थंडगार पडणं, धाप लागणं दिसलं तर विष हृदयावर चाललंय असं समजा आणि १०८ लावा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवल्यापासून मृत्यू खूप कमी झाले. पण ते वेळेत मिळायला मूल वेळेत पोहोचायला हवं.

कुत्रा: जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही भरू नका. त्याच दिवशी लस. सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे आणि कातडीत टोचायची असेल तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी घ्यावी लागते. मुलं दुसऱ्या-तिसऱ्या डोसला जात नाहीत. त्या तारखा आजारी खोलीच्या वहीत लिहून ठेवा आणि त्या दिवशी पालकांना फोन करा. पाळीव कुत्र्याने ओरबाडलं तरीही हेच.

१२. आकडी आली तर चप्पल हुंगवायची की कांदा?

दोन्ही नाही. घड्याळ बघा, वेळ मोजा. आजूबाजूची बाकं सरकवा, डोक्याखाली घडी केलेलं कापड ठेवा, मुलाला कुशीवर वळवा, शर्टाची वरची बटणं सोडा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, लागोपाठ दुसरी आली किंवा पहिल्यांदाच आली असेल तर १०८. थांबल्यावर मूल गाढ झोपतं. त्याला आजारी खोलीत कुशीवरच झोपू द्या. बाकीच्या मुलांना त्याच दिवशी समजावून सांगा की ही बाधा नाही, आजार आहे. हे सांगायचं राहिलं तर ते मूल डब्याला एकटं बसू लागतं.

१३. लोहाच्या किंवा जंताच्या गोळ्या दिल्या की पाच-सहा जण पोट दुखतंय म्हणतात. काय करू?

पहिली ते पाचवीच्या मुलांची आठवड्याची गुलाबी गोळी (४५ मिलिग्रॅम लोह) जेवणानंतरच द्या. उपाशीपोटी मळमळ होणारच. काळी शी होणं साधं आहे, पालकांना आधी सांगा. जंतनाशक अल्बेंडाझोलची गोळी चावून खायची, आणि त्या दिवशी आजारी असलेल्या मुलाला द्यायची नाही. त्याच्यासाठी पुढचा राखीव दिवस असतो.

एकाला उलटी झाली की बघून दुसऱ्याला होते. म्हणून त्रास होणाऱ्याला शांतपणे आजारी खोलीत न्या, सगळ्यांना एकत्र ओळीत बसवू नका. बहुतेकांना पाणी आणि थोडी विश्रांती पुरते. कोणाला सारख्या उलट्या झाल्या किंवा गरगरलं तर सिस्टरना लगेच कळवा. गोळ्यांचा डबा कुलपात हवा. लहान मुलाने मूठभर लोहाच्या गोळ्या खाल्ल्या तर ती विषबाधा असते, त्याला लगेच दवाखान्यात न्या.

१४. मुलाला दमा किंवा मधुमेह आहे. पालक औषध शाळेत ठेवा म्हणतात.

ठेवा, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, मूळ वेष्टन आणि पालकांची सही यांसह. दम्याचा पंप कुलपात ठेवू नका. किल्ली असलेले सर तालुक्याला गेले तर मुलाचा श्वास थांबून राहत नाही. तो दप्तरात किंवा शिक्षकांच्या टेबलावर, स्पेसरसकट (पंपाला जोडायच्या नळीसकट) हवा. मधुमेही मूल घामाघूम झालं, थरथरलं, विचित्र बोलू लागलं तर आधी तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या, मग फोन. शुद्ध नसेल तर तोंडात काही न घालता १०८.

१५. कांजिण्या, गालगुंड, डोळे येणं, उवा. कोणाला किती दिवस घरी ठेवायचं?

कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस. डोळे आले असतील तर चिकट घाण येणं थांबेपर्यंत. खरजेत उपचार सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी मूल येऊ शकतं, घरातल्या सगळ्यांनी औषध लावलं पाहिजे एवढंच. उवांसाठी घरी पाठवायची गरज नाही, आणि वर्गासमोर डोकं तपासू नका. ताप आणि पुरळ एकदम दिसलं तर गोवरची शंका असते, त्याच दिवशी सिस्टरना कळवा. एकाच वर्गात दोन-तीन मुलांना एकसारखं काही दिसलं तरी तसंच.

१६. ऊसतोड कामगारांची मुलं हंगामापुरती येतात. त्यांचं काय?

दिवाळीनंतर कराड, वाळवा, पलूस, शिराळ्याच्या कारखान्यांवर टोळ्या येतात आणि मुलं आपल्या वर्गात बसतात. त्यांची कसलीच आरोग्य नोंद आपल्याकडे नसते. प्रश्न १० मधला कागद त्यांच्यासाठी पहिल्याच दिवशी भरा, आणि नंबर दोन लागतील: मुकादमाचा आणि ज्या फडात तोड चालू आहे त्या शेतकऱ्याचा. फड बदलला की दुसरा नंबर बदलतो, म्हणून दर सोमवारी विचारा. मुलाची कोपी (झोपडी) कुठल्या तळावर आहे तेही लिहा.

ही मुलं वर्गात पेंगतात. आई-बाप पहाटे अंधारात फडावर निघतात तेव्हा तीही उठलेली असतात. तासभर आजारी खोलीत झोपू द्या, मग ती छान शिकतात. चुलीवर भाजलेले हातपाय, पाचटाने कापलेल्या जखमा रोज पाहा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळा तपासणीला येतं. त्यांची तारीख ठरताना ही मुलं शाळेत असतील असा महिना मागा. ती आपल्या पटावर नसली तरी तपासणीला उभी करा.

१७. एक मुलगी रोज पोट दुखतंय म्हणून आजारी खोलीत येते. नाटक करते का?

तसं समजू नका. वही उघडा आणि ती कोणत्या वारी, कोणत्या तासाला येते ते बघा. सकाळी दहा-अकराला येत असेल तर बहुधा न्याहारी झालेली नसते. खेळाच्या तासाला येत असेल तर कोणीतरी त्रास देत असेल. दिवसभर लघवीला जात नसेल तर स्वच्छतागृहाची कडी तपासा. खूप वेळा उत्तर तिथेच सापडतं.

आणि कधी ते उत्तर फार जड असतं. आडवं पडलेलं मूल बाईंना जे सांगतं ते वर्गात सांगत नाही. कोणी नको तिथे हात लावतो असं मूल म्हणालं तर शांतपणे ऐका, “तू सांगितलंस ते बरं केलंस” म्हणा, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा, खोदून विचारू नका. पॉक्सो (लैंगिक अत्याचारापासून मुलांचं संरक्षण करणारा) कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. माणूस गावातला वजनदार असो की शाळेतला, आधी आपण चौकशी करू असं कोणी म्हणालं तरी ते ऐकू नका. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, तिचा नंबर भिंतीवर मुलांच्या उंचीवर लावा.

याच कारणाने आजारी खोलीचं दार कधी बंद नसावं, आणि मुलीचे कपडे बदलायचे असतील तर बाईच असाव्यात. शाळेत बाई नसतील तर अंगणवाडीताईंना बोलवा.

१८. चौथी-पाचवीत पाळी येते का? पुरुष शिक्षकांनी काय करायचं?

येते, काही मुलींना. पॅड, जुने स्वच्छ कपडे आणि कागदी पिशवी पेटीत असू द्या, आणि ती कुठे आहे हे मोठ्या वर्गातल्या मुलींना आधीच सांगितलेलं असू द्या, म्हणजे मागावं लागत नाही. शाळेत पुरुष शिक्षकच असतील तर आशाताईंना वर्षातून एकदा मुलींशी बोलायला बोलवा. त्या दिवशी मुलगी घाबरलेली असते. “ही जखम नाही, आजार नाही” एवढं सरांनीही सांगावं. संकोच करू नये.

१९. रक्त लागलेला कापूस, गॉज कुठे टाकायचं?

जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ शाळेच्या प्रथमोपचार कक्षालाही लागू आहेत. मैदानात जाळू नका, घंटागाडीच्या कचऱ्यात मिसळू नका. पिवळ्या पिशवीत वेगळं जमवा आणि उपकेंद्राकडे द्या, सिस्टरशी आधी बोलून. उलटी किंवा रक्त सांडलं तर हातमोजे घालून पुसा आणि १ टक्का क्लोरीनच्या द्रावणाने जागा दहा मिनिटं ओली ठेवा: एक लिटर पाण्यात साधारण ३३ ग्रॅम ब्लीचिंग पावडर. हे द्रावण संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

२०. आमची शाळा कृष्णाकाठी आहे. पुरात सगळं जातं.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात पलूस, वाळवा, मिरजेकडच्या शाळांनी हे सोसलं आहे. पेटी, नोंदवही आणि संमतीपत्रं एका झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ठेवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे जाऊ लागलं की तो डबा उंच जागी हलवा. शाळा निवारा केंद्र झाली तर आजारी कोपरा तसाच चालू ठेवा, तिथे तेव्हा जास्त गरज असते. पुराचं पाणी लागलेलं गॉज, ओआरएस, गोळ्या वाळवून वापरू नका.

२१. नोंदवहीत काय लिहायचं? कोणी बघतं का ती?

तारीख, मुलाचं नाव, आल्याची वेळ, तक्रार त्याच्याच शब्दांत, काय पाहिलं (ताप असेल तर आकडा), काय केलं, कोणाला कधी फोन केला, कोणाबरोबर कधी गेलं, सही. एका मुलाला एक ओळ पुरते. प्रश्न १७ मधल्यासारखी गोष्ट मात्र या उघड्या वहीत लिहायची नाही. ती वेगळ्या कागदावर, बंद पाकिटात.

वही तीन वेळा उपयोगी पडते. बाल स्वास्थ्य पथकाचे डॉक्टर आले की वारंवार येणाऱ्या मुलांची नावं त्यातून काढून द्या, पुढची तपासणी मोफत होते. अपघात झाला असेल तर राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा योजनेच्या सानुग्रह अनुदानाचा प्रस्ताव मुख्याध्यापकांमार्फतच जातो, तेव्हा वेळेची लेखी नोंद लागते. आणि महिन्याच्या समितीच्या सभेत नावं न घेता आकडे वाचून दाखवा. एका महिन्यात पोटदुखी आणि जुलाबाच्या नोंदी अचानक वाढल्या तर आधी टाकी धुवून घ्या आणि ग्रामपंचायतीकडून पाण्याचा नमुना तपासायला पाठवा.